तरोटा, शरीरातलं घड्याळ आणि लिहायची वेळ

पावसाळ्यात आमच्या वावराच्या धुऱ्यावर तरोटा माजतो. दिवस बुडायला लागला की त्याची पानं जोडीजोडीनं मिटतात, सकाळी पुन्हा उघडतात. १७२९ साली द मैराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं असंच पानं मिटणारं एक रोप अंधारात ठेवून पाहिलं. ऊन दिसत नसतानाही पानं आपल्या वेळेला उघडत-मिटत राहिली. घड्याळ रोपाच्या आतच होतं.

आपलं मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, जेमतेम वीस हजार पेशींच्या पुंजक्यात असतं. ते चालतं कसं, हे फळमाश्यांवर शोधणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. टाकी भरली की फुगा वर येतो आणि नळ बंद करतो. पाणी उतरलं की नळ पुन्हा सुरू. पेशीतही एक प्रथिन साठत जातं, पुरेसं साठलं की स्वतःचंच उत्पादन थांबवतं, मग हळूहळू विरतं. हा फेरा साधारण एका दिवसाचा. माणसाचा चोवीस तासांहून किंचित मोठा, म्हणून सकाळचा उजेड तो रोज जुळवून घेतो.

मी कितीतरी वर्षं रात्री साडेदहाला लिहायला वही उघडायचे. भांडी झाली, विरजण लागलं, सासूबाईंच्या गोळ्या देऊन झाल्या की. दोन ओळींत डोळे मिटायचे आणि मी स्वतःला आळशी म्हणायचे. आळस नव्हता तो. पहाटे पाचला उठलेली बाई साडेदहाला साडेसतरा तास जागी असते. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोप ओढून आणतं. चहा ते कमी करत नाही, फक्त त्याची बसायची जागा अडवतो. हे कळलं तेव्हा मला खरंच रडू आलं.

मग पहाट धरली. साडेचारचा गजर लावून थेट वहीवर बसले, तर एक धड वाक्य सुचेना. झोपेतून उठल्यावर मेंदू लगेच जागा होत नाही, साधारण अर्धा तास गुंगी राहते. पहाटे शरीराचं तापमानही सगळ्यात खाली असतं. आता आधी झाडझूड, सडा, ढोरांपुढे कुटार, आणि पाऊण तासानं वही. तेवढ्यात तांबडं फुटतं, हात चालायला लागतो.

दुपारी दोन-तीनची सुस्ती जेवणावर ढकलतात. न जेवताही ती येते. पण ती वेळ वाया नाही. २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात, वेगळ्या दिशेनं विचार करायला लावणारी कोडी विद्यार्थ्यांना आपल्या नावडत्या वेळेला जास्त सुटली. म्हणून अडलेला परिच्छेद घेऊन मी दुपारी बाजेवर पडते. तेव्हा लिहीत नाही, नुसती घोळवते.

घरातल्या हाकांचं काय? सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं की काम अर्धवट टाकून उठलं की मन थोडं तिथेच अडकून राहतं. हाक आली की मी आता पुढच्या वाक्याचे दोन शब्द समासात खरडते आणि मगच उठते. परतल्यावर धागा हाती लागतो.

ज्यांच्याकडे मोटरची लाईन रात्री येते, त्यांना मात्र पहाटेचा सल्ला देऊ नये. ओलित करून चारला घरी आलेल्या माणसाला आधी झोप हवी.

माझी लेक पंधरा वर्षांची. रात्री दहाला तिला लिहावंसं वाटतं, म्हणून आम्ही रागवायचो. त्या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, हे वाचल्यापासून आजीसुद्धा तिला काही म्हणत नाही. घरात टेबल एकच आहे. रात्री ते तिचं. पहाटे मी तिची वही उचलून खिडकीत ठेवते आणि माझी उघडते.