दूरशिक्षणाला प्रवेश घ्यायचाय? आधी आधार आणि गुणपत्रिका शेजारी ठेवा

नागपुरात राहून मुक्त विद्यापीठाची पदवी घेणं काही नवीन नाही. इग्नू १९८५ ची, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. दोघांचीही विभागीय केंद्रं शहरात आहेत, त्यातलं इग्नूचं अमरावती रोडवर. बदललंय ते प्रवेशाचं दार. २०२४ पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एक अट घातली आहे: दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीला प्रवेश घ्यायचा तर आधी डीईबी आयडी काढा. तो नसेल तर विद्यापीठाचा फॉर्म पुढे सरकत नाही.

डीईबी म्हणजे यूजीसीचा दूरशिक्षण विभाग. त्याचा आयडी काढायला एबीसी आयडी लागतो (एबीसी म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होतात ते खातं), एबीसीला डिजिलॉकर हे कागदपत्रांचं सरकारी ॲप, डिजिलॉकरला आधार आणि आधारला ओटीपी येणारा चालू मोबाईल नंबर. या साखळीत आयडी काढायला अर्धा तास पुरतो. आठवडे जातात ते नाव जुळवण्यात.

आमच्याकडे फॉर्म भरायला हिंगण्याहून एक ताई आल्या होत्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव, तेही सगळ्यात आधी, कारण आपलं बोर्ड आडनाव पहिले छापतं. आधारवर सासरचं आडनाव, शेवटी. शिवाय आधारला जोडलेला नंबर दिराचा, आणि दीर पुण्याला. ओटीपी तिकडे वाजतोय, इकडे दहा मिनिटं संपतायत. "सर, नाव तं माह्यंच हाय ना, मंग काऊन नाही घेऊन रायलं?" प्रश्न बरोबर होता. पण संगणकाला माहेर-सासर कळत नाही.

म्हणून संकेतस्थळ उघडण्याआधी आधार आणि दहावीची गुणपत्रिका टेबलावर शेजारी ठेवा आणि अक्षर-अक्षर लावून पाहा. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव, जन्मतारीख. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जवळ हवं. स्पेलिंग चुकलं असेल तर आधी ठरवा की चूक कुठल्या कागदावर आहे. गुणपत्रिकेवर असेल तर शाळेमार्फत सिव्हिल लाइन्समधल्या विभागीय मंडळाकडे जावं लागतं, आणि तिथे वेळ जातो. आधारवर असेल तर काम लवकर होतं, पण घाई नको: आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. मोबाईल नंबर मात्र लगेच आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा करून घ्या. त्याला कुठलाही कागद लागत नाही.

आता आयडी. एबीसी २०२१ मध्ये सुरू झाली. तिचा आयडी १२ अंकी असतो आणि हल्ली तो 'अपार' या नावानेही दिसतो. गेल्या दोन-चार वर्षांत कॉलेजात असाल तर तो बहुधा कॉलेजनेच काढून घेतलेला असेल, त्यामुळे आधी डिजिलॉकरमध्ये शोधा. नसेल तरच नवीन काढा. मग यूजीसीच्या डीईबी संकेतस्थळावर विद्यार्थ्यांसाठीच्या दुव्यावर जाऊन एबीसी आयडी टाका, संमती द्या आणि उरलेली माहिती भरा. आयडी तिथेच मिळतो. त्याला यूजीसी पैसे घेत नाही. कॅफेवाल्याने फॉर्म भरायचे पैसे घेतले तर तो त्याच्या मेहनतीचा मोबदला. 'आयडीची सरकारी फी' म्हणून कुणी मागितले तर उठून या. हा आयडी कायमचा असतो, पुढे एमएला प्रवेश घेतानाही हाच चालतो.

पात्रता सोपी आहे. पदवीला बारावी किंवा समकक्ष, पदव्युत्तरला पदवी. कॉलेजात नियमित पदवी सुरू असताना दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी करायलाही २०२२ पासून यूजीसीची परवानगी आहे.

विषय निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी, वास्तुकला, कायदा या पदव्या दूरस्थ पद्धतीने मिळत नाहीत. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यात मानसशास्त्र, मायक्रोबायोलॉजी आणि आहारशास्त्राचीही भर पडली. 'दूरस्थ एमए मानसशास्त्र' विचारत येणाऱ्यांना हे सांगताना वाईट वाटतं, कारण नोकरी सांभाळून शिकणाऱ्या शिक्षकांचा हा आवडता विषय होता.

सीताबर्डीत एखाद्या जिन्यावर 'सहा महिन्यांत डिग्री' असा फलक दिसला तर जिना चढू नका. दूरस्थ पदवीचा कालावधी नियमित पदवीपेक्षा कमी नसतो आणि विद्यापीठांना फ्रँचायझी देता येत नाही. विद्यापीठाचं नाव आणि ज्या सत्राला प्रवेश घेताय त्याच सत्रासाठी तुमचा अभ्यासक्रम, दोन्ही डीईबीच्या यादीत आहेत का ते स्वतः पाहा. विद्यापीठ मान्य आणि अभ्यासक्रम अमान्य, असंही असतं.

दूरस्थ आणि ऑनलाइन यांतही फरक आहे. दूरस्थमध्ये अभ्यासकेंद्र असतं, छापील किंवा पीडीएफ पुस्तकं मिळतात, अधूनमधून संपर्कवर्ग होतात. ऑनलाइनमध्ये व्हिडिओ, चर्चा, स्वाध्याय सगळं पडद्यावर. दोन्हीकडे किमान ७० टक्के भार सत्रान्त परीक्षेवर असतो, स्वाध्यायाला जास्तीत जास्त ३०. घरी नेट धड नसेल आणि सकाळी सहाला एमआयडीसीची बस पकडायची असेल, तर माझं मत सरळ दूरस्थला. पुस्तकाला नेटवर्क लागत नाही.

विद्यापीठाच्या फॉर्मसाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदव्युत्तरला पदवीची गुणपत्रिका, आधार, लागू असेल तर जातीचं किंवा दिव्यांग प्रमाणपत्र, फोटो आणि सही. इग्नू फोटो आणि सही १०० केबीच्या आत मागते, बाकी कागद २०० केबीच्या आत. मोबाईलने काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो, तो आधीच लहान करून ठेवा. सही पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने करा. माझा स्वतःचा फॉर्म एकदा परत आला होता तो रेघांच्या वहीवर केलेल्या सहीमुळे.

फी भरताना पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी लॉगिन करून स्थिती बघा आणि तेव्हाही 'प्रलंबित' दिसलं तर तो क्रमांक घेऊन विभागीय केंद्र गाठा.