३/८ म्हणजे नक्की किती? मध्यम चेनसॉच्या पिचची पार्श्वभूमी

४० ते ६० सीसीच्या चेनसॉसाठी आज तीन प्रकारच्या चेन समोर येतात: ०.३२५, पूर्ण ३/८ आणि लो प्रोफाइल ३/८. हे आकडे पिचचे, म्हणजे चेनच्या लागोपाठच्या रिव्हेटांमधल्या सरासरी अंतराचे, इंचात. तिन्ही लावलेली मशीन विकली जातात आणि प्रत्येकीच्या बाजूने ठामपणे बोलणारे लोक आहेत. ३५ सीसीच्या मशीनला लो प्रोफाइल, ७० सीसीच्या मशीनला पूर्ण ३/८ हे कधीच ठरून गेलं आहे. ओढाताण होते ती मधल्या गटाची.

पेट्रोलवर चालणाऱ्या करवती १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत आल्या. त्यांची चेन म्हणजे हातकरवतीचीच नक्कल होती. काही दात लाकडाचे तंतू तोडायचे, काही खरवडून भुसा बाहेर काढायचे, आणि त्यांना धार लावताना कारागिराचा जीव मेटाकुटीला यायचा. १९४६ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या एका लाकूडतोड्याने ओंडका पोखरणारी भुंगेऱ्याची अळी न्याहाळली. तिचे जबडे डावीकडून उजवीकडे चालत होते आणि लाकूड आडवं, उभं कसंही असलं तरी पोखरत होते. त्यावरून त्याने डाव्या-उजव्या वळणदार दातांची चेन घडवली आणि १९४७ मध्ये तिचा धंदा सुरू केला. आजची जवळपास प्रत्येक चेन तिचीच वंशज आहे. तेव्हाचे पिच अर्धा इंच, ७/१६ असे मोठे असायचे, कारण इंजिनं जड आणि संथ होती. मशीन हलकी आणि जास्त फेऱ्यांची होत गेली तसा पिचही लहान होत गेला.

खरा गुंता '३/८' या नावात आहे.

पिच काढताना सलग तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून त्याला दोनने भागतात. दोनच रिव्हेटांमधलं अंतर घेऊन भागत नाही, कारण ड्राइव्ह लिंकमधल्या (चेन फिरते त्या लांब पट्टीच्या, म्हणजे बारच्या, खाचेत चालणाऱ्या कडीमधल्या) भोकांचं अंतर आणि बाजूच्या पट्टीतल्या भोकांचं अंतर सारखं नसतं. म्हणजे पिच ही मुळातच सरासरी आहे. ०.३२५ च्या चेनला कॅलिपर लावला तर तीन रिव्हेटांत १६.५ मिमी भरतात आणि हिशेब बरोबर जुळतो. ३/८ च्या चेनला लावाल तेव्हा १९.०५ मिमीची अपेक्षा असते आणि हाती येतात १८.६ च्या आसपास. वर्कशॉपच्या भाषेत ३/८ म्हणजे तीन सूत, पण ही चेन पुरती तीन सूत भरत नाही. उत्पादकांच्या तक्त्यांतही एकवाक्यता नाही. कोणी ३/८ पुढे ९.३२ मिमी छापतं, कोणी ९.५२. आकडा मापाचा राहिलेला नाही, ते एका घराण्याचं नाव झालं आहे.

त्यात छोट्या करवतींसाठी बुटक्या दातांची, कमी उसळणारी चेन निघाली आणि तिलाही ३/८ च म्हटलं गेलं. पुढे नुसतं 'लो प्रोफाइल' जोडलं, ते बोलताना सहज गळून पडतं. हा निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. रिव्हेटांचं अंतर जवळजवळ तेच असलं तरी दाताची उंची वेगळी, ड्राइव्ह लिंकचा घाट वेगळा. लो प्रोफाइलला ४ मिमीची गोल कानस लागते, पूर्ण ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमीची. स्प्रॉकेटही (चेन फिरवणारं दातेरी चाक) आपापलाच लागतो. या चेनला पहिल्या दिवशी स्वतंत्र आकडा मिळाला असता तर निम्म्या चुकीच्या खरेद्या टळल्या असत्या.

लिंका मोजूनही सुटका होत नाही. ७२ ड्राइव्ह लिंकांची चेन १८ इंची बारवरची ०.३२५ असू शकते किंवा २० इंची बारवरची ३/८. भरवशाची खूण धातूवरच कोरलेली असते. एका मोठ्या उत्पादकाच्या ड्राइव्ह लिंकवर २०, २१, २२ दिसलं की ती ०.३२५, अनुक्रमे १.३, १.५ आणि १.६ मिमी गेजची (गेज म्हणजे ड्राइव्ह लिंकची जाडी). ७२, ७३, ७५ दिसलं की त्याच क्रमाने पूर्ण ३/८. ९१ म्हणजे लो प्रोफाइल. तेलाचा काळा थर चिंधीने पुसला की आकडा वर येतो.

०.३२५ ची बदनामी झाली ती यानंतर. १९८० च्या दशकात अमेरिकेत किकबॅकच्या अपघातांवरून सुरक्षा मानक आलं. बारचं टोक लाकडाला लागून करवत अंगावर उसळते तो हा किकबॅक. मानकाची रेषा ६२ सीसीच्या आसपास पडली, म्हणजे मध्यम मशीन जवळजवळ सगळी आत आली. त्यांच्यासोबत खोक्यात येऊ लागली ती उसळी रोखणारे उंचवटे असलेली चेन, आणि ती बहुधा ०.३२५ असायची. ती सावकाश कापते असा जो शिक्का बसला, त्यात पिचचा दोष थोडा आणि उंचवट्यांचा जास्त, असं माझं मत आहे.

तिथूनच '५० सीसीला ३/८ लावा, वेग वाढतो' हा सल्ला पसरला. गणित करून पाहू. सात दातांच्या स्प्रॉकेटवर ०.३२५ ची चेन एका फेरीत ११५.५ मिमी पुढे जाते, म्हणजे १०,००० फेऱ्यांना सेकंदाला १९ मीटरच्या थोडं वर. सात दातांवरच ३/८ एका फेरीत १३०.५ मिमी जाते, सेकंदाला पावणेबावीस मीटर. वेग वाढला हे खरं, पण ०.३२५ ला आठ दातांचा स्प्रॉकेट दिला तर फेरीमागे १३२ मिमी होतात. वेग दिला तो स्प्रॉकेटच्या घेराने, आणि दोन्ही वेळा इंजिनाच्या ओढीतून तेवढीच किंमत वसूल झाली.

उरतो तो लाकडातला फरक. १६ इंची बारवर ०.३२५ ला साधारण ६६ लिंका म्हणजे ३३ दात, ३/८ ला ६० लिंका म्हणजे ३० दात. मोठ्या पिचचा दात मोठा घास घेतो आणि खाच रुंद पाडतो. ७० सीसीचं इंजिन तो घास पेलतं, ५० सीसीचं कठीण लाकडात दाबलं की गुदमरतं. ३/८ वाल्यांचंही म्हणणं खोटं नाही: दात दणकट, धार लावायला तीन दात कमी, आणि मोठ्या मशीनचीच कानस, तेच स्प्रॉकेट चालतात. दोन मशीन बाळगणाऱ्याला ही सोय मोठी आहे. एकच मध्यम मशीन असलेल्याला तिचा काहीच उपयोग नाही.

अलीकडे वाद दुसऱ्याच बाजूला सरकला आहे. १.३ मिमी गेजची, अरुंद खाच पाडणारी ०.३२५ अनेक मध्यम मशीनवर कारखान्यातूनच येते, कारण कमी लाकूड काढायचं म्हणजे इंजिनावर कमी भार. बॅटरीच्या करवतींनी हा आग्रह आणखी वाढवला. तिथे रुंद खाचेची किंमत चार्जमध्ये लगेच दिसते, म्हणून १/४ पिच आणि बारीक गेजची लो प्रोफाइल पुन्हा मानाने परतली. मात्र जुना १.५ मिमीचा बार ठेवून नवी १.३ ची चेन चढवणारे आता दिसू लागले आहेत. पिच जुळतो, चेन बारच्या खाचेत डुलते आणि काप वाकडा जातो.