पिरॅमिडबांधणीचा उदय (प्राचीन इजिप्त)

पिरॅमिड म्हणजे चौकोनी पायावर उभी राहून वर निमुळती होत जाणारी, राजाच्या दफनासाठी बांधलेली भव्य वास्तू. ‘पिरॅमिड’ हा शब्द ग्रीकांचा. खुद्द इजिप्ती लोक तिला ‘मेर’ म्हणत. नाईलच्या पश्चिम तीरावर, सूर्य मावळतो त्या बाजूच्या वाळवंटी कडेला, इ.स.पू. २६५० ते २५०० या सुमारास या बांधकामाने कळस गाठला. जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आणि खुफूचा महापिरॅमिड यांच्यात शंभर वर्षांच्या आसपासचेच अंतर आहे. एवढ्या थोड्या काळात हे कसे जमले, याचे उत्तर महापिरॅमिड जिथे उभा आहे त्या गीझाला सापडत नाही. त्यासाठी आधीचे फसलेले आणि मध्येच बदललेले पिरॅमिड पाहावे लागतात.

पहिल्या दोन राजवंशांतील बहुतेक राजे दक्षिणेकडील अबायडॉसला पुरले गेले. जमिनीत खोल खड्डा, त्यात कच्च्या विटांच्या खोल्या आणि थोड्या अंतरावर नदीच्या बाजूला विटांचेच मोठे आवार, अशी तेव्हाची रीत होती. सक्कारा येथे त्या काळचे बडे अधिकारी ज्या थडग्यांत पुरले गेले, त्यांना आज ‘मस्तबा’ म्हणतात. अरबीत मस्तबा म्हणजे घराबाहेरचा बसायचा ओटा. हे थडगे दिसतेही तसेच : लांबट, सपाट माथ्याचे, बाजू किंचित आत झुकलेल्या.

तिसऱ्या राजवंशातील जोसरच्या थडग्याची सुरुवात सक्काऱ्याला अशाच एका ओट्याने झाली, फरक इतकाच की तो विटांचा नसून दगडी आणि चौरस होता. पुढे तो बाजूंनी वाढवला, मग त्यावर टप्पे चढवून चार पायऱ्या केल्या आणि शेवटी सहा. उंची सुमारे ६० मीटर झाली. एकामागून एक झालेले हे फेरबदल वास्तूच्या ढासळलेल्या कडांवर अजून उघडे दिसतात. भोवती दीड किलोमीटरहून लांब, साडेदहा मीटर उंचीची तट-भिंत आहे. तिच्यात दरवाजे पंधरा दिसतात, पण त्यांतले चौदा नुसते कोरलेले, आत जायला वाट एकच. त्या वाटेवर उघड्या दाराची फळी भिंतीला टेकलेली दिसते, तीही दगडी, म्हणजे कधीच न मिटणारी. खांबांवर बोरूच्या जुड्या कोरल्या आहेत, छताचे दगड ओंडक्यांसारखे गोल घडवले आहेत. बांधकामाचे दगडही आधी विटांसारखे लहान आहेत. सामान बदलले होते, पण हात अजून विटा, लाकूड आणि बोरू यांच्याच सवयीचे होते.

या कामाचे श्रेय जोसरचा बडा अधिकारी इमहोतेप याला दिले जाते. जोसरच्या पुतळ्याच्या १९२६ मध्ये सापडलेल्या बैठकीवर राजाबरोबर त्याचेही नाव आणि पदव्या कोरलेल्या आहेत. राजाच्या पुतळ्यावर प्रजेतल्या माणसाचे नाव यावे, ही फार दुर्मीळ गोष्ट. पुढच्या काळात त्याला देवत्व मिळाले आणि लोक आजार बरे व्हावेत म्हणून त्याला साकडे घालू लागले. जोसरनंतरच्या सेखेमखेतचा पिरॅमिड मात्र अर्धवटच राहिला. त्यातली अलाबास्टरची शवपेटी १९५४ मध्ये उघडली, तेव्हा ती बंद होती आणि आत काहीही नव्हते.

पायऱ्यांचा पिरॅमिड सपाट उतारांचा झाला तो चौथ्या राजवंशाचा पहिला राजा स्नेफेरू याच्या कारकिर्दीत. खुफूचे नाव जगभर झाले. माझ्या मते या कथेचा खरा नायक त्याचा हा बाप आहे. मेदूमला पायऱ्यांच्या पिरॅमिडवर दगडी भर घालून उतार सरळ करण्याचा प्रयत्न झाला. ती भर पुढे ढासळली आणि आज राडारोड्याच्या ढिगातून नुसता आतला मनोरा वर आलेला दिसतो. दहशूरला सुरुवातच सरळ उतार धरून केली. पण जमीन भुसभुशीत, उतार ५४ अंशांच्या आसपास, आणि थर आतल्या बाजूला कलते ठेवलेले. आतल्या दालनांना तडे गेले. एका दालनात देवदाराचे ओंडके अजून आडवे ठोकलेले आहेत. मग निम्म्या उंचीवर उतार ४३ अंशांवर आणला आणि वरचे थर सपाट रचले. त्यामुळे हा पिरॅमिड कमरेत वाकल्यासारखा दिसतो. मात्र राजाने तेवढ्यावर समाधान मानले नाही. थोड्या अंतरावर त्याने तिसरा, आज ‘लाल पिरॅमिड’ म्हणून ओळखला जाणारा, पहिल्यापासून ४३ अंशांच्याच बेताने बांधला. सुमारे १०५ मीटर उंचीचा हा पहिला यशस्वी खरा पिरॅमिड. या तिन्हींमध्ये मिळून लागलेला दगड खुफूच्या महापिरॅमिडपेक्षा जास्त भरतो.

आकार बदलण्यामागे धर्मही होता. पायऱ्या म्हणजे राजाने आकाशात चढून जायचा जिना. सरळ उतार म्हणजे सूर्यकिरण, असे सामान्यतः मानले जाते. हेलिओपोलिसच्या सूर्यदेवळातील ‘बेनबेन’ या पवित्र शिळेशीही त्याचे नाते जोडतात. चौथ्या राजवंशातच राजे स्वतःला सूर्यदेव ‘रा’चा पुत्र म्हणवू लागले.

खुफूने गीझाचे पठार निवडले, ते पक्क्या चुनखडीचे. पायाची प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर, मूळ उंची १४६ मीटरच्या वर, दगड अंदाजे २३ लाख. बहुतेक दगड तिथल्याच खाणींतला. बाहेरचे पांढरेशुभ्र आवरण नदीपलीकडच्या तुरा येथील चुनखडीचे आणि राजाच्या दालनाच्या तुळया सुमारे ८०० किलोमीटर दक्षिणेच्या अस्वानहून आणलेल्या ग्रॅनाइटच्या. दालनावरच्या बंद पोकळ्यांत कामगारांच्या टोळ्यांनी तांबड्या रंगात आपली नावे लिहून ठेवली आहेत. त्यांतल्या एका टोळीचे नाव ‘खुफूचे मित्र’.

ही वाहतूक कशी चाले ते तांबड्या समुद्राकाठच्या वादी अल-जर्फ येथे २०१३ मध्ये सापडलेल्या पपायरसांमुळे (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदांमुळे) कळले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. हाताखाली सुमारे चाळीस माणसे, काम तुऱ्याचा दगड नावेतून गीझाला पोचवण्याचे. नोंदी अगदी कोरड्या आहेत : दिवसभर दगड ओढले, रात्री मुक्काम तुऱ्याला, दुसऱ्या दिवशी भरलेली नाव घेऊन निघालो, मुक्काम ‘खुफूच्या तळ्या’वर. दहा दिवसांत अशा दोन-तीन खेपा होत. पुराचे पाणी चढले की नाव कालव्यांतून पठाराच्या जवळपर्यंत जाई. वरचा अधिकारी म्हणून राजाचा सावत्र भाऊ अंखहाफ याचे नाव येते. पिरॅमिड परग्रहवासीयांनी बांधले असे म्हणणाऱ्यांनी ही रोजनिशी एकदा वाचायला हवी. त्यात चमत्कार नाही, पण कोण कुठे होते त्याचा हिशेब चोख आहे.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने एक लाख माणसांचा आकडा दिला, पण तो दोन हजार वर्षांनी लिहीत होता. आजचे अंदाज साधारण वीस ते तीस हजारांचे आहेत. गीझाच्या दक्षिणेला या लोकांची वसाहत उकरून निघाली असून तिथे भट्ट्या, पावाचे साचे आणि गुरे-मेंढ्यांची भरपूर हाडे मिळाली. जवळच्या टेकडीवर कामगारांची थडगी आहेत. १९९० मध्ये एका घोड्याचा पाय विटांच्या भिंतीला अडखळला आणि त्यांचा पत्ता लागला. सांगाड्यांत मोडून नीट जुळलेली हाडे दिसतात, म्हणजे उपचार होत होते. राजाच्या पिरॅमिडशेजारी थडगे मिळालेले हे लोक गुलाम असतील असे वाटत नाही. बहुतेक जण पाळीपाळीने सरकारी कामावर आणलेले असावेत. ती वेठ होती की नाही, हा वेगळा प्रश्न.

हा जोर फार टिकला नाही. खुफूचा मुलगा खाफ्रे याचा पिरॅमिड बापाच्या तोडीस तोड, पण त्यानंतरच्या मेंकाउरेचा जेमतेम ६५ मीटरांचा. पाचव्या राजवंशात दगडकाम हलके झाले आणि खर्च देवळांकडे वळला. त्या वंशाचा शेवटचा राजा उनास याच्या दालनाच्या भिंतींवर प्रथमच मंत्र कोरले गेले. पुढे ‘मध्य राज्य’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कालखंडात आतला गाभा पुन्हा कच्च्या विटांचा होऊ लागला. हवारा येथील तिसऱ्या अमेनेमहेतच्या पिरॅमिडचे दगडी आवरण लोकांनी काढून नेल्यावर उरला तो विटांचा काळपट डोंगर. इजिप्ती राजाने इजिप्तमध्ये बांधलेला शेवटचा राजपिरॅमिड अहमोसचा, इ.स.पू. १५२५च्या सुमाराचा, आणि तो आहे अबायडॉसला.