काळा धूर बसचा, पण जास्त कार्बन कोणाचा?

'बस धूर ओकते, त्यापेक्षा आपली स्कूटर बरी', हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. हिशेब मांडला की ते टिकत नाही.

एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पेट्रोलमधून २.३ किलो. शहरात बस लिटरला साडेतीन किलोमीटर धावते असं धरा: किलोमीटरला ७७० ग्रॅम. आत ४० माणसं असतील तर माणशी १९ ग्रॅम. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोल कारमध्ये एकटाच माणूस असेल तर त्याच्या वाट्याला १५३ ग्रॅम. ४५चं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या स्कूटरवर ५१. म्हणजे सहावा प्रवासी चढला की बस कारपेक्षा सरस, सोळावा चढला की स्कूटरपेक्षाही. दुपारच्या रिकाम्या फेरीत मात्र ती हरते, हे मान्यच करायला हवं.

काळा धूर ही वेगळी गोष्ट. ती अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी. एअर फिल्टर तुंबला किंवा इंजेक्टर बिघडला की वाढते. फुप्फुसांना ती घातकच. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (भारत स्टेज-६, वाहनांच्या धुराचं सरकारी मानक) डिझेल बसमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तरीही धूर दिसला तर बसचा नंबर, मार्ग आणि वेळ टिपून आगाराला कळवा.