आग्रा रोडवरची झोप

खानदेशात एके काळी गाडीवान झोपायचा आणि गाडी चालत राहायची. उन्हाळ्यात कापसाच्या बैलगाड्या दिवस मावळल्यावर निघत. बैलांना वाट पाठ असे, पहाटे गाडीवानाला पेंग आली तरी ते चाकोरी सोडत नसत. शिवाय काही कोसांवर थांबावंच लागे. जू उतरवून पाणी पाजल्याशिवाय आणि वैरण टाकल्याशिवाय जनावर पुढे पाऊल टाकत नाही. बैल थांबले की माणूसही आडवा व्हायचा. माणसाची विश्रांती बैलाच्या विश्रांतीला बांधलेली होती.

१८६० च्या दशकात रेल्वे चाळीसगाव, भुसावळकडे आली आणि १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. तेव्हा लांबचा माल गाडीवानाच्या हातून गेला. तो रस्त्यावर परतला तो ट्रकमधून. स्वातंत्र्यानंतर धुळं हे ट्रकवाल्यांचं गाव होत गेलं, आणि त्याचं कारण नकाशावरच दिसतं. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर-कोलकाता रस्ता इथे एकमेकांना छेदतात, सोलापूरकडून येणारा रस्ताही इथेच मिळतो. या महामार्गांचे क्रमांक आता बदलले, पण जुने ड्रायव्हर आग्रा रस्त्याला अजून ‘तीन नंबर’ आणि सुरत-नागपूर रस्त्याला ‘सहा नंबर’च म्हणतात.

त्या काळची गाडी म्हणजे १९५४ पासून टाटा-मर्सिडीजच्या कारखान्यातून येणारी चेसिस, म्हणजे इंजिन-चाकांसह नुसता सांगाडा, आणि तिच्यावर गावातल्या सुताराने, बॉडीवाल्याने चढवलेली लाकडी केबिन. इंजिन केबिनमध्येच, त्याची धग पायाशी. सीटमागे एक आडवी फळी असायची, तीच झोपायची जागा. हे सगळं त्रासाचंच होतं, तरी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. तो रस्ता माणसाला सलग पळू देत नसे. लळिंग, राहुड, बिजासन, कोंडाईबारी, प्रत्येक घाटात गाडी रांगत चढायची आणि वर पोचल्यावर इंजिन थंड करावं लागायचं. गावोगावी जकात नाका होता. मध्य प्रदेशच्या सीमेवर हाडाखेडला, गुजरातच्या सीमेवर नवापूरला तपासणी होती. रांगा तासन्‌तास हलत नसत. माझे मामा याच लाइनवर होते. झोप कुठे व्हायची असं विचारलं की ते गावांची नावं सांगत नसत, नाक्यांची सांगत. ती झोप काही चांगली नव्हती. रांग हलली की मागचा हॉर्न वाजवून उठवणारच. पण डोळा मिटायला जागा होती आणि शेठ त्यासाठी बोलू शकत नव्हता.

मग रस्ता मोकळा होत गेला. चौपदरीकरण झालं. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, महापालिकांची पुढे टप्प्याटप्प्याने. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, टोलची रांगही आटली. यातला प्रत्येक बदल मला योग्यच वाटतो. नाक्यावरची चिरीमिरी आठवणारा कोणीही जुने दिवस परत मागणार नाही. पण त्या थांब्यांत जी झोप दडलेली होती, तिची पर्यायी सोय कोणी केली नाही. वाचलेले तास ड्रायव्हरला मिळाले नाहीत, ते पुढच्या खेपेत गेले. गाडीचा हप्ता आणि डिझेलचा भाव पाहता एक-दोन गाड्यांच्या मालकालाही खेप वाढवण्यावाचून दुसरी वाट दिसत नाही.

कायद्याने काय केलं? १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातच सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची अट होती. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली, आठवड्याची सुट्टीही दिली. मात्र तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायापुरता होता. दोन गाड्या, दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर म्हणजे चार माणसं, आणि खानदेशातले कितीतरी मालक एवढ्याच पसाऱ्याचे. १९८८ च्या कायद्यातल्या कलम ९१ ने हेच तास माल-प्रवासी गाडीवर काम करणाऱ्या सगळ्यांना लावले. पण ते मोजणार कोण? युरोपात गाडी किती तास चालली हे नोंदवणारं टॅकोग्राफ नावाचं यंत्र ट्रकमध्ये असतं आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावंच लागतं. आपल्याकडे बिल्टी, म्हणजे मालाची पावती, तपासतात, पासिंग तपासतात, ओव्हरलोड तपासतात. माणूस कधीपासून जागा आहे, हे विचारणारं कोणी नाही.

नॅशनल परमिटच्या, म्हणजे देशभर माल नेण्याची परवानगी असलेल्या गाडीला १९८९ च्या केंद्रीय नियमांनी दोन ड्रायव्हर आणि दुसऱ्याला पाय पसरून झोपता येईल अशी आडवी सीट बंधनकारक केली होती. नियम चांगला होता. बहुतेक गाड्यांवर दुसरा ड्रायव्हर म्हणजे प्रत्यक्षात क्लीनरच, पण तेवढंही पुष्कळ होतं. क्लीनर काच पुसायचा, रिव्हर्सला हाक द्यायचा आणि पहाटे तीनला ड्रायव्हरशी बोलत राहायचा. तोच पुढे ड्रायव्हर व्हायचा. भाडं परवडेना तसा आधी त्याचा पगार वाचवला गेला. २०१८ मध्ये दोन ड्रायव्हरांची अटही केंद्राने काढून टाकली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत वाईट निर्णय तो.

आता झोपेकडे शरीराच्या बाजूने पाहू. ड्रायव्हर थकतो ते केवळ स्टिअरिंगवरच्या तासांनी नाही. चोपड्याकडचं उदाहरण घ्या. केळीची गाडी भरायची म्हणून माणूस सकाळी सहाला उठतो. घड कापून, वाहून, थर लावून गाडी भरेपर्यंत दिवस जातो. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो आणि तापल्या केबिनमध्ये झोप लागत नाही, कारण झोप यायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं. संध्याकाळी सातला गाडी निघते. ड्रायव्हरच्या हिशेबाने ड्युटी आत्ता सुरू झाली; मेंदूच्या हिशेबाने तेरा तास होऊन गेले. रात्री अकराला, बिजासन चढून सेंधव्याच्या पुढे जाताना, सतरा तास होतात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं आढळलं, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतकी मंदावते. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. थेंब न पिताही हा माणूस त्या रेषेपलीकडे गेलेला असतो, आणि माल दिल्लीला पोचायला अजून हजारभर किलोमीटर आहेत. केळी पिकायची थांबत नाही.

पहाटे दोन ते सहा हा काळ सगळ्यात धोक्याचा, दुपारी दोन ते चार हा त्याखालोखाल. जागण्याची सवय झाली म्हणून शरीराचं हे घड्याळ फिरत नाही. ‘डोया लागी ग्या’ असं आपल्याकडे म्हणतात ती डुलकी दोन-चार सेकंदांचीच असते. पण ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर, ब्रेकवर पाय न पडता. रिकामा, सरळ, दुभाजकाचा रस्ता ही झापड आणखी वाढवतो. घाटात कोणी झोपत नाही. घाट संपल्यावर झोपतात.

यावरचे उपाय लाइनवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. डोळ्यांवर पाणी, कडक चहा, तंबाखूचा बार, मोठ्याने गाणी, आणि कुठे कुठे डोड्याची, म्हणजे अफूच्या बोंडाची नशा, जिने माणसं आयुष्यातून उठली. पाणी आणि गाणी काही मिनिटं टिकतात. चहाचा उपयोग आहे, पण त्यातलं कॅफीन चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून चहा पिऊन लगेच गाडीवर बसण्याऐवजी चहा घेऊन वीस मिनिटं आडवं व्हावं. उठेपर्यंत चहाचाही असर आलेला असतो. उठल्यावर दहा मिनिटं खाली फिरून मग चावी लावावी, कारण झोपेतून उठल्या उठल्या हातपाय जडच असतात. एवढ्याने रात्रीची झोप भरून निघत नाही, पुढचा तास-दोन तास सावरतो इतकंच. घोरताना ज्याचा श्वास मध्येच अडकतो, सात-आठ तास झोपूनही ज्याला दिवसा पेंग येते, त्याने डॉक्टरला जरूर दाखवावं. जाड मान आणि सुटलेलं पोट असलेल्या ड्रायव्हरांत हा आजार बराच आढळतो, त्यावर उपचार आहेत, आणि त्याला आळस म्हणून हिणवलं जातं याचं मला फार वाईट वाटतं.

सरकारी हालचाल अलीकडची आहे. २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. खानदेशच्या उन्हाळ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. दिवसा झोपता येणं पहिल्यांदाच शक्य होईल, अर्थात नव्या गाडीवर. तेल कंपन्यांनी महामार्गांवरच्या पंपांजवळ ट्रकचालकांसाठी ‘अपना घर’ नावाची विश्रांतिस्थानं सुरू केली. १ जुलै २०२५ पर्यंत देशभरात अशी ३६८ झाली, खाटा ४,६११.

सोनगीर, नरडाण्याच्या बाजूच्या धाब्यांवर पूर्वी बाजा मांडलेल्या असत. जेवण घेतलं की त्यावर आडवं व्हायला पैसे पडत नसत, आणि क्लीनर गाडीत झोपायचा, डिझेलवर आणि टायरवर नजर ठेवून. आता खाट मिळाली, तरी एकटा ड्रायव्हर गाडी सोडून तिच्यावर जात नाही. ताडपत्री कापली गेली, डिझेल काढलं गेलं तर भरपाई त्याच्या पगारातून होते. तो केबिनमध्येच, काच बोटभर उघडी ठेवून, बसल्या बसल्या मान टेकतो.