सोशल मीडियावरच्या बातमीची पारख

सोशल मीडियावरच्या बातमीची पारख म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, यूट्यूब, एक्स (म्हणजे आधीचं ट्विटर) अशा ठिकाणी समोर आलेली बातमी खरी मानायची की सोडून द्यायची हे माणूस ज्या रीतीने ठरवतो ती रीत. रीत म्हणणं पण जरा जास्तच होतंय, कारण बऱ्याचदा हे सगळं अंगठा स्क्रीनवरून सरकता सरकताच ठरून जातं.

पेपर वाचताना बातमी कुणाची हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात दिसतं. फॉरवर्डमध्ये मूळ छापणारा गळून पडतो आणि त्याच्या जागी पाठवणारा बसतो. मामाने टाकलंय, सोसायटीच्या ग्रुपवर डॉक्टरकाकांनी टाकलंय म्हणजे उगाच नसेल टाकलं. आता डॉक्टरकाकांचा मेसेज नोटेबद्दलचा असला तरी त्यांची डिग्री त्यालाही लागू पडते ही यातली गंमत. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर दोन हजाराच्या नव्या नोटेत नॅनो जीपीएस चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी सापडते, असा मेसेज घराघरात पोचला, काही टीव्ही चॅनेलनी पण तो चघळला आणि मग ज्यांनी आधी फोनवर वाचलं होतं त्यांना टीव्हीवरून शिक्का मिळाला. चिप कधी नव्हतीच.

पाठवणाऱ्यानंतर लोक बघतात ते दिसणं. पेपरचं कात्रण असेल, लाल पट्टीत ‘ब्रेकिंग’ आणि कोपऱ्यात चॅनेलचा लोगो असेल, पीडीएफवर गोल शिक्का नि सही असेल तर विश्वास पटकन बसतो. हे सगळं मोबाइलवर दहा मिनिटांत बनवता येतं ते वेगळं. मराठीत आणखी एक सोपा उपाय आहे, मजकुराखाली नाना पाटेकर किंवा विश्वास नांगरे पाटील यांचं नाव टाकायचं, त्यांनी तसं कधी म्हटलंय का हे विचारायला कोण जातंय.

मानसशास्त्रात हा विषय मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे. १९५१ मध्ये येल विद्यापीठातल्या हॉवलंड आणि वाइस यांनी एकच मजकूर काही विद्यार्थ्यांना विश्वासू नावाने दिला आणि काहींना संशयास्पद नावाने. लगेच विचारलं तर विश्वासू नावाचा परिणाम जास्त दिसला, पण चार आठवड्यांनी हा फरक जवळजवळ पुसला गेला, म्हणजे मजकूर डोक्यात राहिला आणि कुणी सांगितला ते सुटून गेलं. १९७७ च्या दुसऱ्या एका प्रयोगात दिसलं की तेच वाक्य परत परत कानावर पडलं की ते जास्त खरं वाटायला लागतं. एकच मेसेज शाळेच्या, ऑफिसच्या आणि भावकीच्या ग्रुपवर आला की तीन साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं ते यामुळेच, मूळ माणूस एकच असला तरी.

पारख चुकल्याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात भयंकर उदाहरण धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावचं. १ जुलै २०१८ ला आठवडी बाजाराच्या दिवशी मंगळवेढा भागातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारून टाकलं. त्या महिन्यांत देशभर मुलं पळवण्याचे व्हिडिओ फिरत होते, त्यातला मोटरसायकलवरून पोर उचलण्याचा एक तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता, ज्यात शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तेवढाच शेवट कापलेला. व्हिडिओ खरा होता, गाव नि गोष्ट खोटी होती, आणि ‘डोळ्यांनी पाहिलंय’ म्हणणाऱ्याला हे समजावणं अवघड असतं.

यानंतर त्याच जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने ‘फॉरवर्डेड’ असं लेबल आणलं, भारतात एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवायची मर्यादा घातली आणि खोटी माहिती कशी ओळखावी याच्या पानभर जाहिराती दिल्या, त्याही छापील वर्तमानपत्रांत! पुढे बऱ्याच वेळा फिरलेल्या मेसेजला दोन बाणांची खूण आली. ती खूण सावध करायला आहे, पण ‘एवढ्या लोकांनी पाठवलंय म्हणजे काहीतरी असेलच’ असा उलटा अर्थ लावणारे पण भेटतात.

तपासायची साधनं आता बरीच आहेत. फोटो गुगलवर टाकून तो आधी कुठे आलाय ते बघता येतं, बूम आणि ऑल्ट न्यूजसारख्या संस्था रोज दावे तपासतात, केंद्र सरकारशी संबंधित दाव्यांसाठी पीआयबीचा (म्हणजे सरकारच्या प्रेस इन्फॉर्मेशन ब्युरोचा) फॅक्ट चेक विभाग २०१९ पासून आहे, अर्थात तो सरकारचाच आहे हे लक्षात ठेवून. सरावलेले लोक बातमीत खोल शिरत बसत नाहीत, ती बाजूला ठेवून दुसरीकडे कुणी दिलीय का ते आधी शोधतात. तारीख नसणं, ‘आत्ताच आलेली बातमी’, ‘मीडिया दाखवणार नाही’, ‘दहा जणांना पाठवा’ ही वाक्यं दिसली की त्यांचा हात थांबतो.

पण तपासलं तरी सांगायचं कसं हा आपल्याकडचा खरा पेच आहे. काकांना चारचौघांत खोडून काढणं बरं दिसत नाही म्हणून पुतण्या त्यांना पर्सनलवर हळूच लिंक पाठवतो, काका ‘बरं बरं’ म्हणतात, आणि ग्रुपवर मूळ मेसेज तसाच राहतो, खाली सात नमस्कार घेऊन.