रेकॉर्डर म्हणजे शाळेतली प्लास्टिकची पिपाणी? थोडा खुलासा

रेकॉर्डर म्हणजे उभं धरून टोकातून फुंकायची, भोकांवर बोटं ठेवून वाजवायची नळी. "रेकॉर्डर हे लहान मुलांना बासरीच्या आधी शिकवायला काढलेलं खेळणं आहे, खरं वाद्य नाही" हा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिक आहे, कारण बहुतेकांनी ते शाळेतच पाहिलेलं असतं.

पण क्रम उलटा आहे. नेदरलँड्समध्ये डॉर्ड्रेक्टजवळ एका गढीच्या खंदकात साधारण 600 वर्षांपूर्वीचं लाकडी रेकॉर्डर सापडलंय, आणि प्लास्टिकचं स्वस्त रेकॉर्डर शाळांमध्ये पोचलं ते थेट 20व्या शतकात. मधल्या काळात हे युरोपातल्या दरबारांचं वाद्य होतं, बाख या संगीतकाराच्या 1721 च्या चौथ्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्तोमध्ये (वाद्यवृंदासाठीच्या रचनेत) व्हायोलिनसोबत दोन रेकॉर्डर वाजतात. पुढे मोठ्या ऑर्केस्ट्रात आडव्या बासरीपुढे त्याचा आवाज कमी पडला आणि ते मागे पडलं. 20व्या शतकात इंग्लंडमध्ये आर्नोल्ड डोल्मेच या वाद्यकाराने जुन्या वाद्यांच्या प्रती करून ते पुन्हा मैफलीत आणलं आणि पुढे डच वादकांनी ते गाजवलं, मला तर हे काम फार मोलाचं वाटतं.

सोपं वाटतं कारण फुंकलं की लगेच सूर येतो. पण जोरात फुंकलं की सूर चढतो, हळू फुंकलं की उतरतो, म्हणून लहानमोठा आवाज काढायचा तर बोटांनी सूर सावरत बसावं लागतं, ते जमायला वर्षं जातात.

पडताळायचं असेल तर जुन्या स्कोअरची (लिहिलेल्या स्वरलिपीची) पहिली ओळ बघा: त्या काळी नुसतं 'फ्लाउटो' लिहिलं की बहुतेक वेळा रेकॉर्डर, आडव्या बासरीला 'ट्रॅव्हर्सो'. आणि एकदा लाकडी आल्टो (मधल्या आवाजाचं) रेकॉर्डर हेडफोन लावून ऐका.